धोंड्याच्या वाणात गेलेले बूट

माझ्याकडे बास्केटबॉलच्या जुन्या बुटांचं एक कपाट भरलेलं आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ते उघडलं की एकच प्रश्न विचारतो, एवढ्या बुटांचं करायचं काय? ज्यांच्या शोकेसमध्ये लग्नात आलेले कपबशांचे सेट वर्षानुवर्षं तसेच पडून असतात, तेच लोक हे विचारतात. मी हल्ली उत्तर देत नाही. पण ज्या एका जोडासाठी मी सगळ्यात जास्त वणवण केली, तो त्या कपाटात नाही, आणि तो का नाही हे सांगायला बसले की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ऐंशीच्या दशकात जळगावात मुलीने बास्केटबॉल खेळायचा म्हणजे आधी घरच्यांशी भांडायचं, मग शाळेशी आणि शेवटी बुटांच्या दुकानदाराशी. घरचे आणि शाळा, दोघांनाही मी पुरून उरले. दुकानदार मात्र जड गेले. बास्केटबॉलचे बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे लागतात, कारण उडी मारून खाली येताना पाय वाकडा पडला तर घोटाच सांभाळावा लागतो. असे बूट मुलींच्या मापात मिळायचेच नाहीत. माझं पाऊल मोठं होतं, त्यामुळे पुरुषांचा सात नंबर मला बरोबर व्हायचा. माय म्हणायची, "पाय शेतस का फावडा?" माय धुळ्याकडच्या खेड्यातली, घरात कायम अहिराणी बोलायची. आम्ही दोघी बहिणी शाळेच्या वळणाने मराठीत उत्तर द्यायचो. आम्हाला भाऊ नव्हता. या गोष्टीला पुढे फार महत्त्व आहे.

दुकानात गेले की दुकानदार हमखास विचारायचा, "भावासाठी का?" माझ्यासाठी म्हटलं की तो लेडीज चपलांच्या रॅककडे बोट दाखवायचा. मी मापाच्या पट्टीवर पाय ठेवून उभी असायची आणि तो माझ्या पायाकडे न बघता माझ्या मागे कुणी मोठं माणूस आलंय का ते बघायचा. एकाने तर मला सांगितलं होतं की मुलींच्या पायाला इतका जाड सोल शोभत नाही. त्याला शोभा कुणी विचारली होती?

म्हणून मी जुन्या मालाच्या मागे लागले. तालुक्याच्या गावांतल्या जुन्या दुकानांच्या माळ्यावर विकले न गेलेले जोड धूळ खात पडलेले असतात, हे मला चोपड्यात कळलं. तिथे सामन्याला गेलो होतो. बसला वेळ होता म्हणून एका म्हाताऱ्या दुकानदाराला सहज विचारलं, तर त्याने माळ्यावरून कॅनव्हासचा एक उंच जोड काढून दिला. पांढरा, पुढे रबराची टोपी, घोट्यावर रबराची गोल चकती. माझ्या शाळेच्या आधीच्या काळातला नमुना. रबर पिवळं पडलेलं होतं, पण कापडाला एक टाकाही उसवलेला नव्हता. त्या दिवसापासून मला नादच लागला. यावलच्या आठवडे बाजारात एक फेरीवाला असाच निळा जोड दोरीला टांगून ठेवायचा, गिऱ्हाइकाचं लक्ष जावं म्हणून. विकायला तो तयारच नव्हता. मी तीन बाजार त्याच्या मागे लागले तेव्हा वैतागून त्याने तो दिला. प्रत्येक जोडाची नाडी वेगळी, शिवण वेगळी, सोलवरची नक्षी वेगळी. कोणत्या नक्षीचा बूट सिमेंटच्या कोर्टावर घसरतो आणि कोणता मुरुमावर धरून ठेवतो हे मला तळवा चाचपून सांगता यायचं.

हे बूट मी लोखंडी कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची, घरात गहू ठेवतात तसे. माय कोठी उघडायची आणि कपाळाला हात लावायची. "गहू ठेवाले जागा नही, आनि हाऊ बूटसना संसार!" नाना, म्हणजे माझे वडील, पेपरातून डोकं वर न काढता हसायचे. नाना आयुष्यभर मायच्या आणि माझ्या मधे पडले नाहीत, आणि त्यांना वाटायचं की हाच त्यांचा चांगुलपणा आहे.

नव्वद उलटल्यावर घराघरात केबल आली, आणि ज्या पोरांनी कधी बास्केटबॉलला हात लावला नव्हता ती पोरंही त्या उंच बुटांची नावं घ्यायला लागली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या संघाची कॅप्टन होते. कॉलेजच्या वाचनालयात येणाऱ्या खेळाच्या मासिकात एका कंपनीची जाहिरात आली. त्यांनी पूर्वीचा एक गाजलेला नमुना पुन्हा काढला होता. पांढरं चामडं, घोट्याला लाल पट्टी, बोटांच्या वर बारीक भोकांची जाळी आणि जाड, हलका, दाबला की दबणारा सोल. मी ते पान इतक्या वेळा उघडून बघितलं की ग्रंथपालांनी मासिक माझ्या हातून काढून घेतलं. त्या वर्षी विभागीय सामने धुळ्याला होते. ते माझे शेवटचे सामने होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. परीक्षा झाली की स्थळं बघायला सुरुवात होणार होती, आणि सून बास्केटबॉल खेळते हे आमच्याकडे कुणी ऐकून घेतलं नसतं. एकदा तरी, शेवटचं तरी, मला बरोबर बूट घालून खेळायचं होतं. एवढंच. फार मोठं काही मागत नव्हते मी.

फुले मार्केटमधल्या एका दुकानदाराने सांगितलं की मुंबईहून दोनच जोड येणार आहेत आणि त्यातला सात नंबरचा तुमच्यासाठी ठेवतो. शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन मी पैसे जमवले होते, ते त्याच्या हातात ठेवले. पुढे कितीतरी दिवस कॉलेज सुटलं की सायकल आधी त्याच्या दुकानाकडे. रोज उत्तर एकच, ट्रान्सपोर्टला अडकलाय. शेवटी माल आला त्या दिवशी त्याने माझे पैसे परत केले आणि म्हणाला, "ताई, तो जोड गेला. एका डाळ मिलवाल्यांच्या मुलाने नेला. त्याला मोटारसायकलवर घालायला पाहिजे होता." मी विचारलं, माझ्यासाठी ठेवला होता ना? तर म्हणतो, "तुम्हाला काय, कोणतेही चालतील." मला कोणतेही चालतील! वाटाण्याच्या अक्षता लावायच्या तर निदान सरळ लावाव्यात. मी त्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून इतकं बोलले की शेजारचा कापडवाला गल्ला सोडून बाहेर आला. आणि तो डाळ मिलवाल्यांचा मुलगा महिनाभर माझे बूट घालून गाडीला किका मारत गावभर फिरत होता.

मी हार मानली नाही. पहाटेची एसटी पकडून धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा, प्रत्येक थांब्यावर गाडी रेंगाळत होती आणि मला वाटत होतं की एवढ्यात तिथेही कुणीतरी मोटारसायकलवाला पोचला असेल. आग्रा रोडवरची दुकानं उघडायच्या आधी मी फुटपाथवर उभी. चौथ्या की पाचव्या दुकानात तो जोड होता, सात नंबर. दुकानदाराने विचारलं, "भावासाठी का?" मी म्हटलं, "हो, भावासाठी." जो भाऊ मला नव्हता त्याच्या नावावर मी माझे बूट विकत घेतले. परतीच्या एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि आनंदापेक्षा मला त्या वाक्याचाच राग जास्त येत होता.

ते बूट मी लगेच वापरायला काढले नाहीत. धुळ्याचे सामने अजून लांब होते, आणि पहिल्यांदा ते त्याच कोर्टावर घालायचे असं मी ठरवलं होतं. रोज डबा उघडायचा, वास घ्यायचा, नाडी ओवायची, पुन्हा सोडायची. कोरे करकरीत ठेवले होते.

त्या वर्षी अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो आणि त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, जावयाला वाण द्यायचं. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. माझ्या अक्काचं लग्न चाळीसगावला झालं होतं आणि तिचा हा पहिलाच धोंडा होता. घरात मुलगा नाही आणि जावई एकच, मग मायच्या उत्साहाला काय विचारता! आठ दिवस आधीपासून घरात पाहुणा देव येणार असल्यासारखी धावपळ.

भाऊजी तसे गरीब स्वभावाचे. चाळीसगावला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. जेवणाआधी बैठकीत ते अवघडून बसले होते, काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून मला म्हणाले, "सामने कधी आहेत तुमचे?" मला वाटलं, चला, घरात कुणीतरी विचारलं तरी. मी हौसेने डबा आणला, उघडून दाखवला. ते म्हणाले, "वा! काय बूट आहेत!"

बस. एवढंच म्हणाले. आमच्याकडे जावयाने एखाद्या वस्तूला वा म्हटलं की ती वस्तू त्या घरची राहत नाही. हे मला माहीत होतं. पितळी डब्याच्या बाबतीत, घड्याळाच्या बाबतीत माहीत होतं. माझ्या बुटांनाही तो नियम लागू होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण ते बूट घरचे नव्हते, माझे होते. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं.

जेवणं झाली. वाण द्यायची वेळ आली. ताटात धोंडे, बत्तासे, चांदीचा दिवा, भाऊजींचा पोशाख, आणि पोशाखावर माझा डबा. मी हाताने डबा उचलणार तेवढ्यात मायने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "जवाईले आवडनात. आते त्या त्यासना." मी म्हटलं, माय, हे माझे सामन्याचे बूट आहेत. ती म्हणाली, "कोरा शेतस ना? मंग चालतस. देख, वर जाळी बी शे." धोंड्याच्या वाणाला जाळीदार वस्तू लागते, म्हणूनच बत्तासे आणि अनारसे देतात. माझ्या बुटांना हवा जावी म्हणून पाडलेली भोकं तिने धर्माच्या खात्यात जमा केली! एकदा जरी घालून मी ते मळवले असते तर वापरलेली वस्तू म्हणून तिने त्यांना हातही लावला नसता. मी जपून ठेवले म्हणून ते गेले.

मी नानांकडे बघितलं. नाना पान लावत होते.

भाऊजींना माय म्हणाली, घालून बघा. ते नाही, नको, राहू द्या म्हणत होते. खरंच नको होते त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. पण वाण नाकारणं म्हणजे सासरच्या तोंडावर मारणं. त्यांनी पाय आत घातला. त्यांचा नंबर आठ. टाच आत जाईना. त्यांनी बोटं मुडपली, दात दाबले, टाच कशीबशी बसवली आणि म्हणाले, "बसले. छान बसले." मायचा चेहरा उजळला. म्हणजे बघा, देणारीला बुटांशी काही घेणंदेणं नव्हतं, तिला फक्त मान राखायचा होता. घेणाऱ्याला ते घ्यायचे नव्हते, त्यालाही मानच राखायचा होता. आणि जिला ते हवे होते तिच्या मानाबद्दल त्या खोलीत एक अक्षर नव्हतं. अक्काने माझ्याकडे बघून मान खाली घातली. मी रडले नाही. मी उठून परसात गेले आणि धुण्याच्या दगडावर बसून राहिले. आत सगळे सुपारी खात हसत होते.

धुळ्याच्या सामन्यांना मी चोपड्याचा जुना कॅनव्हासचा जोड घालून उतरले. रबर जुनं, नक्षी झिजलेली. दुसऱ्या सामन्यात उडी मारून खाली आले ती पाय घसरून, उजवा घोटा आतल्या बाजूला दुमडला. उरलेला सामना मी बाकावर बसून बघितला, पायावर बर्फ, आणि आम्ही हरलो. त्या बुटांनी मी वाचले असते का, मला माहीत नाही. कदाचित तेही घसरले असते. पण ते माझ्या पायात असते. घरी आले तेव्हा मायने हळद लावता लावता म्हटलं की म्हणूनच मी सांगत होते, नको तो खेळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पाय तिच्याच हातात होता.

मी पुन्हा कधी सामना खेळले नाही. शिक्षण पुरं केलं आणि चोपड्याला शाळेत खेळ शिकवायला लागले. लग्नाची घाई मी होऊ दिली नाही, ती वेगळी भांडणं. जुने जोड जमवणं चालूच होतं. पण अक्काकडे चाळीसगावला गेले की माझी नजर आधी तिच्या गोदरेजच्या कपाटावर जायची. वर डबा तसाच. अक्काच्या सासूबाई पाहुण्यांना तो काढून दाखवायच्या, पोराच्या सासरवाडीने दिलेले बूट म्हणून. दाखवून पुन्हा वर. भाऊजींनी ते एकदाही घातले नव्हते, घालू शकतच नव्हते. मी मायला म्हटलं की पडून आहेत तर परत मागते. ती माझ्यावर डाफरली, "देयेल वाण कोनी मांगे लेस का?" पुढचा धोंडा आला आणि गेला. डबा वरच.

त्यानंतरच्या धोंड्याला मात्र माझा संयम सुटला. ऐन उन्हाळा होता. मी चाळीसगावला गेले, सगळे बैठकीत होते, सासूबाईंसकट. मी सरळ म्हटलं, "भाऊजी, ते बूट माझे होते. मला ते परत हवेत."

अक्का लालबुंद झाली. आणि भाऊजी? ते उठले, खुर्चीवर चढले, डबा खाली काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "किती वर्षं वाट बघतोय, तुम्ही मागाल म्हणून. मला कसं परत देता येणार? तुमच्या घरच्यांचा अपमान झाला असता." त्या भल्या माणसाला मिठी मारावी की त्याच डब्याने बडवावं, मला ठरवता येईना. एक शब्द! त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर!

मी तिथेच, फरशीवर बसून बूट घातले. सात नंबर, बरोबर बसले. नाडी घट्ट ओढून बांधली. उभी राहिले, दोन पावलं टाकली, आणि पायाखाली काहीतरी भुसभुशीत झालं. तिसऱ्या पावलाला उजव्या बुटाचा सोल तुटून मागे राहिला. जाड, हलका, दबणारा तो सोल शिळ्या भाकरीसारखा चुरून फरशीभर पसरला. मग डावाही. वरचं चामडं पांढरं शुभ्र होतं, लाल पट्टीवर एक डाग नव्हता. मी गुडघ्यावर बसून ते तुकडे गोळा करत होते आणि ते बोटांत आणखी चुरत होते. या जातीचा सोल पायाखाली येत राहिला तर टिकतो. खानदेशच्या उन्हाळ्यांत, पत्र्याखाली, कपाटावर नुसता मान खात पडला तर आतून मरतो. हे मला आज माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

अक्काच्या सासूबाई झाडू घेऊन आल्या. म्हणाल्या, "बरं झायं मन्हा पोऱ्यानी घालात नही. भर बजारमा फजिती व्हयती."

मी जेवले नाही. अक्का दारापर्यंत आली, मी मागे वळून बघितलं नाही. जळगावला पोचले ती सरळ घरच्या स्वयंपाकघरात. मायच्या पुढ्यात डबा उघडला आणि सगळं सांगितलं. भाऊजींना ते कधीच होत नव्हते, त्यांनी बोटं मुडपून घातले होते, इतकी वर्षं ते पडून सडले, सगळं. मला वाटलं, आता तरी. आता तरी तिच्या तोंडून काहीतरी निघेल.

मायने चुरा चिमटीत धरून बघितला. तिला खरोखरच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "आपला घरनी वस्तू खराब निंघनी. काय म्हनतीन त्या लोके? तू आते कमावस. जवाईले नवा जोड लई दे."

माझा आवाज चढला नाही. मी म्हटलं, "माय, एक जोड तू मला घेऊन दे."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, चेष्टेने नाही. तिला खरंच कळलं नव्हतं.

"तुले?" ती म्हणाली. "तुले कसाले?"